घोड्याची नवी पायरी

मित्रांनो, मी एक जुना घोडा आहे. पण मूठभर हरभरे घेऊन धावत येऊ नका. मला शेपूट नाही आणि खिंकाळताही येत नाही. पुढे पायऱ्या, मागे आधाराचे दोन पाय आणि डोक्यावर बिजागऱ्या अशी जी लाकडी शिडी असते, तिला कामावरची माणसे घोडा म्हणतात. एका सार्वजनिक वाचनालयात, उंच कपाटांच्या दोन रांगांमध्ये मी उभा असतो. मी लाकडाचा असलो तरी ठोकळा नाही. माझ्यासमोर घडलेले मला सगळे कळते, आणि त्यातले जे आजही सलते तेच मी सांगणार आहे.

मला एका म्हाताऱ्या सुताराने घडवले. चांगले वाळलेले लाकूड, घट्ट बसवलेल्या पायऱ्या आणि कडांवरून फिरवलेली कानस. वाचनालयात आलो तेव्हा माझा काय थाट होता! लहान मुले माझ्या खालच्या पायरीवर बसून चित्रांची पुस्तके वाचत. तिथे बसायला मनाई होती, म्हणून तर तीच जागा त्यांना आवडायची. मोठी माणसे मला टेकून वर्तमानपत्र चाळत. दिवसभर कोणी ना कोणी माझ्या अंगाखांद्यावर असायचेच.

पण मी खरा होतो उंचताईचा. उंचताई म्हणजे पुस्तके लावणारी बाई. ती इतकी बुटकी होती की चौथ्या फळीलाही तिचा हात पुरत नसे, म्हणून पोरांनी मुद्दाम हे नाव ठेवले होते. तिला त्याचा राग नव्हता. "अरे, तुमच्यापेक्षा मी जास्त वेळ वरच असते," असे ती हसत म्हणायची. परत आलेली पुस्तके जागेवर लावणे, फळ्या पुसणे, वाचकाला हवे ते वरून काढून देणे हे तिचे काम. चढण्याआधी ती माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायची, "चल रे बाबा, सांभाळ." त्या थापेने मला दहा हत्तींचे बळ यायचे.

आमचे ग्रंथपाल साहेब फार गोड माणूस. आवाज कधी चढवणार नाहीत, कोणाचा पाणउतारा करणार नाहीत. जाता जाता माझ्या लाकडावरून हात फिरवत म्हणायचे, "याच्यासारखा सेवक नाही." ते मला खूप आवडायचे. हे मुद्दाम सांगतो, कारण ते वाईट असते तर मला आज इतके लागले नसते.

उंचताईची नेमणूक तात्पुरती होती, आणि ती वर्षानुवर्षे तात्पुरतीच राहिली. मुदत संपत आली की ती साहेबांच्या दारात उभी राहायची.

"साहेब, मला कायम करण्याचं काय झालं?"

"ताई, तुम्ही तर घरच्याच. घरच्या माणसाला कसला कागद लागतो?"

ती संकोचून हसायची आणि पदर खोचून पुन्हा कामाला लागायची. मलाही वाटायचे, आपण सगळे एका घरचेच.

पुढे माझे वय झाले. दमट हवेने लाकूड फुगायचे, उन्हाळ्यात आक्रसायचे. वरून दुसऱ्या पायरीचे एक टोक खाचेतून निसटू लागले. उंचताईने ते लगेच साहेबांच्या कानावर घातले. साहेब स्वतः आले, पायरी हलवून पाहिली.

"हो की, हलतेय खरी. सांगतो सुताराला. तोवर जरा जपून."

तिने पायरी सुतळीने बांधली. सुतार आला नाही. तिने पुन्हा सांगितले, मग पुन्हा. दर वेळी साहेब मान डोलवत, "होऊन जाईल, ताई." दरम्यान त्यांच्या खोलीला नवे पडदे मात्र आले.

एकदा ती धीर करून म्हणाली, "मग तोवर वरची पुस्तकं काढायची बंद ठेवू का?"

"असं कसं? वाचकांना नाही कोणत्या तोंडाने म्हणायचं? तुमच्यावरच तर सगळं चाललंय."

कौतुक करून त्यांनी तिचे तोंड बंद केले. ती पुन्हा चढू लागली, आणि माझा जीव टांगणीला लागला.

एका सकाळी एका आजोबांना नकाशांचे जाडजूड पुस्तक हवे होते. ते सगळ्यात वरच्या फळीवर. उंचताईने मला थाप मारली, चढली, पुस्तक काखेत घेतले, आणि उतरताना तिचा पाय त्या पायरीवर पडला. सुतळी तुटली. मी चारही पाय रोवून उभा राहिलो, पण पायरीच निघाली तर घोड्याने काय करावे? ती उजव्या हातावर आपटली. तिचे ओरडणे मला अजून ऐकू येते.

साहेब धावत आले. त्यांनी तिला पाणी पाजले, आपल्याच गाडीतून दवाखान्यात नेले. त्यांची ती धावपळ खोटी नव्हती.

मला मागच्या अडगळीच्या खोलीत ठेवले. तिथे एके दिवशी साहेब एका सुताराला घेऊन आले. मित्रांनो, काय सांगू मला किती आनंद झाला! अखेर माझ्याकडे कोणाचे तरी लक्ष गेले होते. सुताराने नवी पायरी बसवली, खिळे ठोकले, सांधे आवळले.

"नव्या पायरीला तेवढा रंग देतो," सुतार म्हणाला.

"नको, सगळ्यालाच द्या. एकसारखा दिसू दे."

"आणि ही मोडकी पायरी?"

"घेऊन जा. जाळून टाका."

तरीही मला काही कळले नाही. मला वाटले, ताई परत येणार, म्हणून हा थाट चालला आहे. रंग वाळला, वास उडाला, आणि मी नवरदेवासारखा नटून तिची वाट पाहू लागलो.

ती आली. हात गळ्यात अडकवलेला, चेहरा उतरलेला. सोबत तिच्या सासूबाई होत्या आणि तिच्या तक्रारीची चौकशी करायला आलेले कामगार खात्याचे एक निरीक्षक. साहेब नेहमीसारखे हळू आवाजात बोलले.

"पाहा, हाच तो घोडा. आम्ही त्याची नीट निगा राखतो. ताई चांगल्या आहेत हो, पण त्या दिवशी त्यांचं लक्ष नव्हतं."

निरीक्षक माझ्यावर चढले. त्या पायरीवर उभे राहून त्यांनी दोन उड्या मारल्या. मी जरासुद्धा हललो नाही. हलावे असे मनापासून वाटत होते. पण सुताराने काम चोख केले होते.

"घोडा तर मजबूत आहे," निरीक्षक म्हणाले.

नकाशे मागणाऱ्या आजोबांना कोणी बोलावले नाही. सुताराचे नावही निघाले नाही. साक्ष घेतली ती फक्त माझी, आणि तीही माझ्यावर उड्या मारून.

उंचताई जवळ आली. डाव्या हाताने तिने ती पायरी चाचपली, आणि तिला सगळे उमगले. "साहेब, ही मोडली होती. मी कितीदा तरी सांगितलं होतं तुम्हाला," ती म्हणाली.

साहेबांनी कानांवर हात ठेवले. "मला तर काही आठवत नाही."

मग सासूबाईंचा तोल सुटला. "घरची घरची म्हणत होतात ना हिला? घरचं माणूस पडलं तर त्यालाच खोटं पाडतात का तुमच्यात?"

"आजी, नेमणूक तात्पुरती होती. मुदतही संपली. नियमाबाहेर मला जाता येत नाही."

कागद लागत नव्हता तेव्हा ती घरची होती. कागद लागला तेव्हा तोच नेमका नव्हता. औषधपाणी तिचे तिने करायचे, आणि कामावरही यायचे नाही, असे ठरले. निघताना ती माझ्यापाशी थांबली. मला वाटले, आता थाप मारेल. तिने माझ्याकडे नुसते पाहिले आणि हळूच म्हणाली, "तुलाही फितवलं का रे यांनी?"

मित्रांनो, केसाने गळा कापणे म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळले. ज्या दुरुस्तीसाठी मी झुरत होतो, तीच माझ्या हाडामासात ठोकून त्यांनी मला तिच्याविरुद्ध उभे केले. "नाही गं ताई!" असे ओरडावेसे वाटले. पण मला तोंड कुठे आहे? ती गेली ती गैरसमज घेऊनच.

आता तिच्या जागी दुसरी मुलगी आली आहे. तीही तात्पुरतीच. ती माझ्यावर चढते, उतरते. तिला काही ठाऊक नाही. साहेब येता-जाता माझ्यावरून हात फिरवतात. मला तो हात नको वाटतो.

अशा कहाणीच्या शेवटी 'आमची निगा राखा' असे म्हणायची पद्धत आहे. पण माझी निगा राखलीच की! रंग लागला, खिळे लागले. तेव्हा माझी काळजी करू नका. उद्या तुमच्या शाळेत, दुकानात, वाचनालयात काम करताना कोणी पडले, तर आधी त्या माणसाजवळ जाऊन बसा. पडण्याआधी त्याने कोणाला काय सांगितले होते, ते त्यालाच विचारा आणि त्याचे ऐका. माझ्याकडे पाहून काही ठरवू नका. मी तर तुम्हाला ठणठणीतच दिसेन.