पहिलं घावन तव्याचं

मी बिडाचा तवा बोलतोय, मुरबाडच्या एसटी स्टँडसमोर येसूबाईचं घावनांचं हॉटेल आहे ना, तिथला. वेळ थोडा आहे. चुलीत लाकडं सरकवून झाली आहेत, ऊब अजून बुडाशीच आहे. एकदा पीठ पडलं की मला बोलता येत नाही, नुसतं चुरचुरता येतं.

माझा जन्म कुठल्या भट्टीतला, मला ठाऊक नाही. लाल रस होऊन वाळूच्या साच्यात पडलो, एवढं आठवतं. त्यानंतर एकदम म्हसा गावची बैलांची जत्रा. ताडपत्रीवर वीस-बावीस भावंडांच्या चळतीत मी बसलो होतो. येसूबाईचा नवरा बैल बघायला गेला होता आणि ती आम्हाला बघायला आली. वाकली, बोटाच्या पेरानं मला ठोकलं आणि कान लावला. दुकानदार हसला, "काय गो बाय, बोलतो काय तो?"

"बोलतो तर! चीर असती तर मुका असता," ती म्हणाली.

बैलाचा सौदा त्या दिवशी फिसकटला. जत्रेतून घरी आलो तो मी एकटाच.

त्याला सत्तावीस वर्षं झाली. आमच्या मुरबाडला रेल्वे नाही, म्हणून सकाळी ज्याला त्याला कल्याणची एसटी नाहीतर जीप गाठायची असते. बाकड्यावर बसलेला माणूसही नीट बसत नाही. एक पाय बाहेर, डोळा रस्त्यावर. चांगो जीपवाला तर गाडी चालूच ठेवून येतो, उभ्या उभ्या दोन घावनं चटणीला लावून गिळतो आणि वर ओरडतो, "काकी, हात उचल, जीप भरली!" त्या इंजिनाची थरथर जमिनीतून चुलीत येते आणि चुलीतून माझ्या अंगात. अशा घाईत ज्याचं आयुष्य गेलं तो तवा शांत स्वभावाचा कसा निघेल? मी उतावळा आहे, कबूल. पण घावनाला उतावीळ चालत नाही. तेलात बुडवलेला अर्धा कांदा फिरवायचा, पातळ पीठ कडेकडेनं ओतायचं, झाकण ठेवायचं आणि जाळी पडेपर्यंत गप्प राहायचं. हे गप्प राहणंच माणसांना जमत नाही.

येसूबाईचा एक नेम होता. पहिलं घावन तव्याचं. ते हमखास मोडतं, कारण तेव्हा मी पुरता तापलेला नसतो. ते गिऱ्हाइकाला द्यायचं नाही. मोडकं घावन ती चुलीपाशी उभ्यानंच चहाबरोबर तोंडात टाकायची आणि दुसऱ्याला लागायची. तोच तिचा नाश्ता. बाकड्यावर बसून अख्खं गरम घावन खाताना मी तिला एकदाही पाहिलं नव्हतं.

यंदा जत्रा तोंडावर आली आणि मोरीजवळ पाय घसरून तिचा उजवा हात मोडला. प्लास्टर पडलं. म्हशाला जाणारी गर्दी सकाळी सातलाच दारात उभी राहणार, आणि चुलीपाशी आली तिची सून भूमिका. लग्नाला आठ महिने झालेले. पोर कामाची आणि भारी स्वच्छतेची. पहिल्याच संध्याकाळी तिनं मला मोरीवर नेलं, भांड्याची पावडर टाकली आणि तारेच्या घासणीनं खसाखसा घासायला घेतलं. मी काय करणार? ज्याच्यावरून घावन अलगद सुटायचं तो सत्तावीस वर्षांचा तेलाचा काळा थर पाण्याबरोबर निघून गेला. मला थंडी वाजली, खरंच सांगतो.

"आई, बघा! नव्यासारखा केला."

येसूबाईनं माझ्यावरून डावा हात फिरवला. मग म्हणाली, "नवा केलास गो. तोच तर घोळ झाला."

सकाळी व्हायचं तेच झालं. पहिलं घावन चिकटलं, दुसरं चिकटलं, सातवंही चिकटलं. मला सोडायचं होतं हो, पण सोडवेना. पोर उलथन्यानं खरवडत होती, डोळे पुसत होती, आणि मला माझीच लाज वाटत होती. गिऱ्हाइकं एकेक करून उठली. चांगो तेवढा अवघडून म्हणाला, "वयनी, आमी चाललो. जीप भरली." सगळे समोरच्या वडापावच्या गाडीवर गेले.

येसूबाईचा मुलगा मुकेश चिडला. "आई, आजच नॉनस्टिक आणतो. हा देऊन टाक भंगारात. आणि हिला नाय जमत तर राहू दे."

भूमिका खाली मान घालून उभी होती. भंगारवाल्याची हाळी रोज रस्त्यावरून जाते. त्या दिवशी ती ऐकून माझ्या अंगावर काटा आला.

"नाय," येसूबाई म्हणाली. "तवा पन नवा नि सून पन नवी. दोघांना पयल्यापासून शिकवायला लागंल. तुला टाइम नसंल तर तू जा."

मग चार दिवस हॉटेल बंद. समोरून जत्रेची गर्दी चाललेली, आणि येसूबाई स्टुलावर बसून नुसती सांगतेय: मंद जाळ, तेल, कांदा, निवू दे, परत तेल. भूमिकाची बोटं भाजली. माझाही जीव टांगणीला लागला होता. रोज वाटायचं, आज सुटेल. सुटायचं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी हॉटेल उघडलं. चांगो आला, बाहेर इंजिन धडधडतच होतं. पहिलं घावन दोन तुकडे होऊन निघालं. भूमिकानं ते बाजूला ठेवलं, दुसरं ओतलं आणि झाकण ठेवून गप्प उभी राहिली. मीही गप्प राहिलो. जन्मात पहिल्यांदा. झाकण काढलं तर कड आपोआप उचललेली. उलथनं लागायच्या आत मी सोडून दिलं.

"वयनी, द्या हिकडं!" चांगोनं हात पुढं केला.

"हा तुमचा नाय. आई, बाकड्यावर बसा."

"अगो, गिऱ्हाईक उभा हाय..."

"बसा म्हनते ना!"

येसूबाई बसली. डाव्या हातानं तिला तुकडा लवकर मोडता येईना. तेव्हा चांगो बाहेर गेला आणि त्यानं इंजिन बंद केलं. जमीन थरथरायची थांबली, तेव्हा कुठे मला कळलं की सत्तावीस वर्षं मी कशानं अस्वस्थ होतो. त्या शांततेत ती सावकाश जेवल्यासारखी खात होती. खाऊन झालं तसं तिनं डोळे पदरानं टिपले आणि म्हणाली, "आणखी एक टाक गो."

मला केवढा आनंद झाला! पण वर बघतो तर भूमिका माझ्यासमोर उभ्यानंच ते मोडकं घावन तोंडात टाकत होती.

तेव्हापासून माझा जीव पुन्हा थाऱ्यावर नाही. म्हणून तुम्हाला सांगतो. मुरबाडला आलात तर घाईतच याल, या. घावन खा, चटणी परत मागा. फक्त उठता उठता चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईला एवढं विचारा, "तू बसून खाल्लंस का?" मला विचारता येत नाही. बघा, आलंच पीठ.