माहेरच्या ओळीतली सहावी जागा

मित्रांनो, आयर्लंडमधल्या आमच्या किलस्कॅना गावच्या दफनांची वही गेली हे ज्या दिवशी कळले, त्या दिवशी मी चर्चच्या मागच्या खोलीत दाराला टेकून उभी होते. फादरांनी कपाट उघडले. भिंतीतली ओल आत शिरली होती आणि दीडशे वर्षांच्या नावांचा एकच लगदा झाला होता. पान उलटायला गेले तर त्यांचे बोटच आत रुतले.

"सोडा घालायचा राहिला, नाहीतर पाव झाला असता," मॅलकी म्हणाला.

मॅलकी टँझी आमच्या कबरस्तानात कबरी खणतो. वय एकोणऐंशी. तो असे बोलतो तेव्हा त्याला फार लागलेले असते.

मी त्याची लोखंडी सळई. उंची साडेचार फूट, वर आडवी मूठ, खाली टोक. गाढवाच्या मोडक्या गाडीच्या आसातून गावच्या लोहाराने मला मॅलकीच्या आजोबांसाठी घडवले. फावड्याच्या आधी मी मातीत जायचे, म्हणजे कुणाची झोपमोड व्हायला नको. मला डोळे नाहीत, पण टोकाला कळते. कधीच न खणलेली माती मला आत घेत नाही. एकदा खणलेली माती शंभर वर्षांनीही वाट देते. खाली कोण असेल, हे विचारायची खोड मला तेव्हापासून लागली. आजोबा म्हणत, "बिशपपेक्षा हिच्या ओळखी जास्त." पुढे गावाबाहेर प्रत्येक जागेला क्रमांक असलेले नवे कबरस्तान झाले आणि मी कोंबड्यांच्या खुराड्याला अडसर झाले. अठरा वर्षे कोंबड्यांखेरीज मला कुणी विचारले नाही. वही गेल्याची कुणकूण लागली तेव्हाच मॅलकीने मला तिथून काढले.

मे महिन्यात फर्गल नून आला. डब्लिनला बस चालवायचा, आता निवृत्त. त्याची बायको ऊना जानेवारीत गेली. तिची रक्षा त्याने गाडीत पुढच्या सीटवर ठेवली होती, पट्टा लावून.

"कुणाकडचे तुम्ही?" मॅलकीने विचारले.

"मी कुणाकडचाच नाही. बायको गॉहरनांची. तिला तिच्या पणजीशेजारी ठेवायचंय. ऑनर गॉहरन. कागद सगळे आहेत, जागा तेवढी नाही."

कागद ऊनानेच जमवले होते. चर्चच्या वहीतला १८६१ चा बाप्तिस्मा, १८८४ चे लग्न, आणि १८९१ ची सरकारी मृत्यूनोंद, बाळंतपणातली. दफनाची नोंद आमच्या वहीत मिळायची होती.

"वहीचा लगदा झालाय," मॅलकी म्हणाला. "पण गॉहरनांची ओळ मला पाठ आहे. बापाने पाढ्यांसारखी घोकून घेतलीय. सात जण."

त्याने मला सात ठिकाणी टोचले. सातही ठिकाणी मातीने वाट दिली. आठव्या ठिकाणी मी चार बोटेसुद्धा गेले नाही. सात नावे, सात जागा. ऑनर त्यांत नव्हती.

फर्गल कुंपणाच्या दगडावर बसला. "चार महिने हे कागद वाचतोय. एकेचाळीस वर्षं माझ्याबरोबर काढली तिनं. डब्लिनला दोघांची जागा घेऊन ठेवलीय. आणि शेवटी म्हणते, मला माझ्या माणसांत ठेव. मी काय परका होतो?"

"मृत्यूची नोंद इकडे दे बघू." मॅलकीने कागद डोळ्यांपासून हातभर लांब धरला. "खबर देणारा कोण लिहिलाय?"

"जेम्स डर्कन. भाऊ. राहणार डेरिना."

"नवरा कुठाय मग?"

"कुठाय म्हणजे?"

"अरे बाबा, बस चालवताना पाट्या तरी वाचायचास का? नवरा असताना खबर भावाने दिली. म्हणजे बाळंतपणाला ती माहेरी आली होती आणि तिथेच गेली. तेव्हा आमच्याकडे रीतच होती. जन्मभर नवऱ्याचं घर, शेवटी आपली माणसं. माझी आजीसुद्धा तिच्या भावंडांत आहे. आजोबा त्यात काही कमीपणा मानत नव्हते. रविवारी तिच्याशी गप्पा मारायला तिकडे जायचे."

फर्गलने बाप्तिस्म्याचा कागद काढला. बापाचे नाव पीटर डर्कन.

डर्कनांची ओळ भिंतीलगत आहे. तिथे नावे कोरलेले दगड नाहीत, शेतातले साधे धोंडे आहेत. ते घराणे केव्हाच परदेशी गेले. मॅलकीच्या पाढ्यात डर्कन आडनावाचे पाच होते.

मी पाच ठिकाणी गेले. मग मॅलकीने सवयीने मला आणखी एक पाऊल पुढे रोवले, पीटरच्या पायाशी. माती सैल होती. मी हातभर आत गेले. ही कबर खणली तेव्हा मी घडलेही नव्हते.

"नाव मातीत लिहिलेलं नसतं," मॅलकी म्हणाला. "पण या ओळीत परकं कुणी येत नाही."

"तीच असेल," फर्गल म्हणाला. त्याने हात माझ्या मुठीवर ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

सोमवारी कबर खणायला सुरुवात करणे आमच्याकडे अशुभ मानतात, म्हणून मॅलकीने रविवारीच गवताचा एक चौकोन उलटून ठेवला. सोमवारी ऊना तिच्या पणजीशेजारी गेली. मग मॅलकीने मला तिच्या पलीकडे टोचले. माती घट्ट होती, कधीच न खणलेली.

"इथे अजून एकाची जागा आहे," तो म्हणाला.

"मी डर्कन नाही."

"मी सळईला विचारलं. तिची हरकत नाही."

फर्गल किंचित हसला. "विचार करून कळवतो," म्हणाला आणि गाडीत बसला. शेजारच्या रिकाम्या सीटचा पट्टा अजून लावलेलाच होता, तो त्याने आधी सोडवला.

मित्रांनो, वहीला ओल लागते आणि माणसाचेही वय होते. तुमच्या घरात ज्यांना माहीत आहे त्यांना आजच विचारा, लिहून ठेवा, आणि लिहिलेले कोरड्या जागी ठेवा. मला जागा सापडते, नाव सांगता येत नाही.

मॅलकीने आता नवी वही केली आहे. डर्कनांची ओळ लिहून झाली. सहावी ऑनर, सातवी ऊना. आठव्या जागेपुढचा रकाना कोरा आहे. फर्गलचे पत्र अजून आलेले नाही.