बुडालेल्या आचाऱ्याचे सदतीस वाचक

घरात सगळे तिला मोठी वहिनी म्हणत, पण इंटरनेटवर तिचं नाव होतं दातकोरणी. कवळ्या बनवायच्या कारखान्यात ती कामाला होती, त्यामुळे हे टोपणनाव आपल्याला फार शोभतं असं तिचं स्वतःचंच मत होतं.

मालवाहू जहाजावरची एक मालिका ती चार वर्षं नेमाने बघत होती. त्यातला आचारी तिचा लाडका. बिचारा तीनदा दिसला आणि चौथ्यांदा समुद्रात बुडाला. वहिनीला ते काही पटेना. तिने फॅनफिक्शनच्या, म्हणजे चाहत्यांनी लिहिलेल्या गोष्टींच्या साइटवर खातं उघडलं, आचाऱ्याला दोर टाकून वर ओढलं आणि त्याच्या पुढच्या गोष्टी स्वतःच लिहायला घेतल्या. अकरा भाग झाले. वाचक सदतीस.

तसा आकडा वाईट नव्हता. पण त्याच साइटवर कप्तान आणि जहाजावरच्या डॉक्टरीणबाईंच्या प्रेमकथांवर हजारोंनी लाइकचे बदाम पडायचे, आणि वहिनीच्या पदरात रोज दोन, फार तर तीन. त्यात भर म्हणून ‘खडूस’ नावाचा एक वाचक प्रत्येक भागाखाली एकच ओळ टाकायचा, ‘यात दम नाही.’

“मग वाचतोस कशाला मेल्या!” वहिनी फोनकडे बघून खेकसायची.

शेवटी तिने इरेला पेटून कप्तान आणि डॉक्टरीणबाईंचं लग्न लावून दिलं. दोन दिवसांत नऊ हजार बदाम! वहिनीचे पाय जमिनीवर ठरेनात. मेण वितळवताना फोन, दात बसवताना फोन. आता बाळ हवं, नको जुळं हवं, कप्तानाची मिशी काढा... फर्माइशी थांबेनात. तिने मिशी काढली, तर मिशी हवी असणाऱ्या गटाने तिची सालटीच काढली. त्या दुपारी वहिनी डबा न उघडता त्यांना उत्तरंच देत बसली.

त्याच आठवड्यात दातांच्या डॉक्टरांचा फोन आला. एका आजोबांच्या कवळीत वहिनीने डावा सुळा उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला होता. “आजोबा हसले की नातवंडं पळून जातात हो!”

कारखान्याच्या मालकांना सगळे वस्ताद म्हणत. ते रागावले नाहीत. स्टूल ओढून तिच्यासमोर बसले. “काय बिनसलंय?”

वहिनीने सगळं सांगितलं, अगदी मिशीसकट.

“चाळीस वर्षं कवळ्या करतोय,” वस्ताद म्हणाले. “छान झाली असं सांगायला किती जण आले असतील?”

“किती?”

“चार. त्यातला एक पत्ता चुकून आला होता. अगं, ज्याला टोचते तो येतो. ज्याला नीट बसली, तो घरी जेवत असतो. टोचतंय म्हणणाऱ्याचं ऐकायचं, कुठे टोचतंय ते विचारायचं, घासून द्यायचं. पण उद्या कुणी घोड्याचे दात लावून द्या म्हणालं, तर लावशील?”

वहिनीला खुदकन हसू फुटलं.

“हसतेस काय? आधी ते सुळे काढ.”

संध्याकाळी तिने बदामांची टिणटिण बंद केली. नऊ हजार जणांना कळवलं, की जोडपं सुखात आहे, त्यांना जरा एकांत द्या. मग मनाचा हिय्या करून खडूसला पहिल्यांदाच विचारलं, ‘नक्की कुठे दम नाही?’

उत्तर लगेच आलं. ‘आचारी नुसता बोलतो. स्वयंपाक कधी करतो?’

वहिनी बघतच राहिली. खरंच की! अकरा भागांत त्या माणसाने साधा कांदासुद्धा चिरला नव्हता.

रविवारी सकाळी ती बाराव्या भागाला बसली. समुद्रात वादळ, आणि आचारी अख्ख्या जहाजासाठी सूप करतोय. दुसऱ्याच ओळीत गाडी अडली.

“अहो,” तिने नवऱ्याला हाक मारली, “जहाज कलंडलं तर पातेलं जागेवर राहील का?”

“करून बघू,” नवरा म्हणाला. तो असल्या कामांना कधी नाही म्हणत नसे. पातेल्यात गार पाणी घेतलं, पातेलं मोठ्या फळीवर ठेवलं, आणि दोघांनी दोन बाजू धरून फळी हळूहळू तिरपी केली. पातेलं आधी थरथरलं, मग सुसाट घसरलं आणि सगळं पाणी नवऱ्याच्या पायांवर.

“बुडालो!” तो ओरडला.

वहिनी हसून हसून खाली बसली. मग डोळे पुसत उठली, वहीत दोन ओळी खरडल्या आणि पातेलं पुन्हा भरलं.

“आता कडेने ओला टॉवेल लावू,” ती म्हणाली, “आणि लाट जरा दमानं आणा.”