दोघांत एक मग

मित्रांनो, मी चिनी मातीचा एक जुना, कान तुटलेला मग. कान नसला तरी ऐकू मात्र सगळं येतं. शाळेत राहून ती सवय लागली.

भट्टीतून निघालो तेव्हा मी पांढराशुभ्र होतो. शिक्षकांच्या खोलीत चहा घेऊन हातोहात फिरायचो. एकदा धुताना निसटलो आणि कान गेला. शिपाईमामा मला कचऱ्यात टाकायला निघाले, तेव्हा चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, ‘‘चहाला नको असेल तर रंगाला द्या.’’ माझं खरं आयुष्य तिथून सुरू झालं.

बाईंचा नियम होता, दोघांत एक मग. एकाने लाल ब्रश बुडवला की दुसऱ्याचं निळं आभाळ जांभळं व्हायचं. आधी भांडण, नंतर तह, आणि शेवटी कुणीतरी उठून पाणी बदलून आणायचं.

त्या वर्गात एक मुलगी होती. आई गेल्यापासून ती शाळेत एक शब्दही बोलली नव्हती. मुलं तिला ‘मुकी’ म्हणायची. बाईंनी तिच्याशेजारी वर्गातल्या सगळ्यात बडबड्या मुलीला, ‘भोंगा’ला, बसवलं. भोंगाचं तोंड फक्त जेवताना बंद असायचं, तेही अर्धवट. मुकी माझ्या गढूळ पाण्यानेच चित्रं रंगवायची. राखाडी घर, राखाडी झाड. बाईंनी ‘असं का’ म्हणून कधी विचारलं नाही. भोंगा मात्र ‘‘पाणी बदलू का गं?’’ विचारायची आणि उत्तराची वाट न पाहता बदलून आणायची.

सहा महिने असे गेले. एका दुपारी भोंगा मांजरीची हकीकत सांगत होती. मांजर गच्चीच्या कठड्यावर चढली, तिचा पाय घसरला, आणि नेमका इथेच भोंगाला हिरवा रंग सापडेना. ती थांबली.

‘‘मग?’’ मुकी म्हणाली.

भोंगाने न बघताच मला तिच्याकडे सरकवलं. ‘‘घे.’’

‘‘हा मग नको. मग काय झालं?’’

भोंगाचा ब्रश हातातून गळून माझ्यात पडला. ‘‘अगं, बोलतेस की तू! इतके दिवस माझ्या एकटीचंच तोंड झिजवलंस.’’

बाई खिडकीकडे वळल्या होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, ‘‘आधी मांजरीचं सांग तिला.’’

त्या दिवशी मुकीच्या राखाडी घराला पिवळी खिडकी आली.

पुढच्या वर्षी चित्रकलेचा तास गणिताला गेला. बाईंची बदली झाली. गुणांप्रमाणे तुकड्या पाडल्या आणि भोंगा दुसऱ्या तुकडीत गेली. गणिताशी माझं वैर नाही, मित्रांनो. कुठला रंग किती मिसळला की काय होतं, हेही गणितच. पण ते शिकायला शेजारी कुणीतरी लागतं.

आता मी गणिताच्या सरांच्या टेबलावर पेनं सांभाळतो. हजेरीत मुकीचा क्रमांक आला की ती नुसता हात वर करते. ‘‘तोंड नाही का?’’ सर विचारतात. वर्ग हसतो.

परवा ती वही ठेवायला आली. पेनं बाजूला सारून तिने माझ्यात वाकून पाहिलं. तळाशी वाळलेल्या पिवळ्या रंगाचं एक कडं अजून आहे. त्यावर तिने बोट फिरवलं. तिचे ओठ हलले, तेवढ्यात घंटा झाली.

मित्रांनो, मला घासूनपुसून कपाटात मांडू नका. तुटक्या कानाचंही मला काही नाही. आठवड्यातून एक तास मला पाण्याने भरा आणि दोघांच्या मध्ये ठेवा. ती काय म्हणणार होती, ते राहूनच गेलं. तेव्हापासून मी तिला विचारू पाहतोय, मग?

पण माझ्या तोंडात पेनं कोंबलेली आहेत.