दोन अंश

रक्ततपासणीच्या त्या प्रयोगशाळेत रसायनांच्या फ्रिजवरचा आकडा खऱ्या तापमानापेक्षा दोन अंशांनी कमी दिसायचा. तंत्रज्ञ रोज सकाळी त्यात दोन मिळवून खरा आकडा वहीत लिहायची. दुरुस्तीवाला यायचा राहिला, हा फरक कुणाला सांगायचा राहिला आणि ते तिच्या अंगवळणी पडलं.

सोमवारी तिला एका मोठ्या रुग्णालयात रुजू व्हायचं होतं. ती नोकरी मिळून पंधरा दिवस झाले तरी प्रयोगशाळा चालवणाऱ्या डॉक्टरबाईंपुढे तिचं तोंड उघडत नव्हतं. काम त्यांनीच शिकवलं होतं, आणि करारात महिन्याची नोटीस होती. नवऱ्याने तोडगा काढला होता: रविवारी मोबाइलवर दोन ओळी टाकायच्या आणि फोन बंद करायचा. हल्ली सगळे तसंच करतात म्हणे.

शुक्रवारी तिने हे काचसामान धुणाऱ्या मावशींना सांगितलं. मावशींचे हात थांबले नाहीत.

“तुझ्या आधीचा असाच गेला. तेव्हा तू त्याला काय काय नावं ठेवली होतीस, आठवतंय?”

आठवत होतं. रसायनांच्या बाटल्यांवरच्या त्याच्या खुणा कुणालाच उलगडेनात आणि तपासण्या फसायच्या. त्या आठवड्यात एका आजोबांचं रक्त तिला तीनदा काढावं लागलं होतं.

“माझं सगळं वहीत आहे, मावशी.”

“आणि फ्रिजपुढे रोज ‘अधिक दोन’ पुटपुटतेस ते? मला वाटायचं, पाढे म्हणतेस. असं आणखी किती डोक्यात आहे तुझ्या? दोन ओळींत मावेल?”

तिने फ्रिजकडे पाहिलं. सोमवारी दुसरं कुणीतरी सात वाचेल आणि सातच लिहील. आत मात्र नऊ असतील; आठाच्या वर रसायनं बिघडतात, आणि मग कुणाची तरी साखर चुकीची येईल.

“पण रुग्णालयवाले महिनाभर थांबले नाहीत तर? हातची नोकरी जाईल.”

“जाईलही,” मावशी म्हणाल्या.

आपण सगळेच कधी ना कधी नोकरी सोडतो. नोटीस म्हणजे मालकावर उपकार नव्हे. आपल्या डोक्यातलं काम दुसऱ्याच्या हाती नीट सोपवायला लागणारा तो वेळ असतो. तो न देता निघालो, तर त्याचा त्रास भलत्याच माणसाला होतो.

तिने रुग्णालयाला फोन करून महिन्याची मुदत मागितली. तिकडून ‘बघू, कळवतो’ एवढंच उत्तर आलं. मग ती डॉक्टरबाईंच्या दारात जाऊन उभी राहिली. सूक्ष्मदर्शकावरून मान न उचलता त्या म्हणाल्या, “बोल.”

“बाई, मी नोकरी सोडतेय. आजपासून एका महिन्याने.”