काठावरचे कपडे

"अण्णा, तुम्ही गिरणेवर पोहायला जायचात, तेव्हा आजी विचारायची का हो, कुठं चाललास म्हणून?"

उज्ज्वलाने प्रश्न टाकला आणि ओट्यावर बसलेल्या माणसांच्या बशा ओठांशी तशाच थांबल्या. पैज तिच्या शाळेतल्या मैत्रिणींनी, अलकाने आणि भारतीने लावली होती. घरात गुपचूप विचारलेलं चालणार नव्हतं, रविवारी अण्णांची बैठक भरलेली असतानाच विचारायचं. तोंडातून शब्द फुटला नाही तर महिनाभर दोघींची दप्तरं तिने वाहायची. आता दोघी समोरच्या नळाशी रिकाम्या बादल्या घेऊन उभ्या होत्या आणि ओढणीत तोंड खुपसून हसत होत्या.

अण्णा म्हणजे सुपडू, पांडेसऱ्याच्या एका रंगाईच्या कारखान्यात मुकादम. खानदेश सोडून सुरतेत येऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण गिरणा नदीचा विषय निघाला की माणूस जागच्या जागी दहा वर्षांचा व्हायचा. डोहात मारलेल्या उड्या, चोरलेल्या कैऱ्या, भाकर खाऊन निघायचं ते दिवेलागणीलाच परतायचं. आणि आताची पोरं बघा, उंबऱ्याबाहेर पाय पडला की मागून हाक. या गोष्टीत नेहमी तिघं असायची: अण्णा, त्यांचे दोस्त हिलालकाका आणि अण्णांची धाकटी बहीण, शकूफुई, जी आता सुरतेतच, नवागामला राहायची. त्या तिसऱ्या नावापायी ही गोष्ट उज्ज्वलाने शंभरदा ऐकली असेल. त्या मोकाट पोरांमध्ये एक पोरगी होती, हे तिला फार आवडायचं.

"कधीच नाही," अण्णा खुशीत म्हणाले. "मायनं एक दिवस इचारलं नाही. वासरासारखं सोडून दिलं व्हतं आम्हाला. काय हिलाल?"

हिलालकाकांनी मान डोलावली. रंगाच्या हौदात काम करून त्यांचे हात कोपरापर्यंत गुलाबी झाले होते. साबण, रॉकेल, काही म्हणता काही चालत नसे.

"मग मलाही एक रविवार सोडा," उज्ज्वला म्हणाली.

पैजेत एवढं नव्हतं. पण जीभ एकदा सुटल्यावर तिला थांबावंसं वाटेना. डुमसला जायचंय, समुद्रावर. भाड्याच्या सायकली घेऊन, आम्ही तिघीच. मोठं कुणी नको.

दारातून आईने जोरजोरात मान हलवली. पण अण्णा चार माणसांत नुकतेच केवढं बोलून बसले होते. त्यांनी बशी खाली ठेवली. "जा," ते म्हणाले. "मीही नाही इचारणार."

नळाशी एक बादली खणकन आपटली.

पुढचा रविवार असा उजाडला की उज्ज्वलाला वाटलं, सगळं सुरत आपल्यासाठीच रस्ता झाडून बसलंय. गाव मागे पडल्यावर तिने दोन्ही हात सोडून सायकल चालवली. भारतीने गुजराती गाणी म्हटली, अलकाने एका बैलगाडीवाल्याला वाकुल्या दाखवल्या. कुणी बघणारं नव्हतं. अण्णांची गिरणा ती हीच, असं तिला पुन्हा पुन्हा वाटत होतं, आणि अण्णांचा इतका अभिमान तिला कधीच वाटला नव्हता. शाळेतल्या कुठल्या मुलीच्या बापाने असं सोडलं असतं?

डुमसच्या काळ्या वाळूत सायकली आडव्या टाकून तिघी गुडघाभर पाण्यात नाचल्या. मग भूक लागली म्हणून उज्ज्वला एकटीच भजी आणायला निघाली. भज्यांच्या गाडीमागे डोक्यावरून टॉवेल ओढून एक माणूस पाठमोरा बसला होता. त्याने चहाचा कप उचलला. हात कोपरापर्यंत गुलाबी होता.

"हिलालकाका."

काकांनी कप खाली ठेवला. शाळेत पकडलेल्या पोरासारखं तोंड झालं होतं त्यांचं.

"तुना बापनीच धाडं माले, पोरी," ते म्हणाले. "घरून निघाल्यापासून मागं आहे. दिसू नको म्हणे फक्त. आता सांगू नको बरं सुपडूले."

सोडलेले हात, गाणी, वाकुल्या, सगळ्यावर मागून दोन डोळे होते. अख्खा रस्ता तिच्याकडून कुणीतरी परत काढून घेतला. तिने विचारलं, तुम्ही गिरणेवर जायचात तेव्हा तुमच्या मागे कोण यायचं?

"मागं कोण यील?" काका हसले. विषय बदलल्याने त्यांना हायसं वाटलं असावं. "शकू व्हती ना. काठावर बसायची आमचे कपडे धरून."

कपडे अंगावरचे तेवढेच. काठावर टाकून गेलं तर गुराखी पोरं पळवायची, मग गावातून उघडं जायची पाळी. म्हणून शकूला न्यायचं.

"आणि ती कधी उतरायची पाण्यात?"

काकांना प्रश्नच कळला नाही. "ती उतरली तर कपडे कोण राखील?" ते म्हणाले. मग आठवून आठवून, मजेत सांगू लागले. उन्हात बसून बसून तिचं नाक सोलायचं. उशीर झाला की घरी मार तिलाच पडायचा. "तुझ्या आजीनं सुपडूले कधी इचारलं नाही, ते खरं. ती शकूले इचारे."

भजी घेऊन ती परत गेली. मैत्रिणींना तिने काही सांगितलं नाही. येताना तिघींत तीच सर्वांत पुढे होती, दोन्ही हात हँडलवर घट्ट.

संध्याकाळी भाड्याची सायकल दुकानात परत करून ती घरी आली, तेव्हा अण्णा ओट्यावर वाट बघत बसले होते. आई शेजारी तांदूळ निवडत होती. भिंतीला हिलालकाकांची सायकल टेकलेली होती, चाकांना काळी वाळू. काका स्वतः आत पाणी पीत होते.

"मग, वाघीण?" अण्णा म्हणाले.

उज्ज्वला थांबली. आता सांगतील, असं तिला वाटलं. हसून सांगितलं असतं तरी तिने भांडून, रडून, सोडून दिलं असतं.

"बघितलंस ना," अण्णा म्हणाले, "कुणी इचारलं का तुला? आमच्या वेळेसारखंच."

आईची बोटं तांदळात तशीच थांबली. तिने मान वर केली नाही. म्हणजे आईलाही माहीत होतं.

उज्ज्वलाने चपला काढल्या, भिंतीशी सरळ जोडून ठेवल्या आणि दोघांच्या समोर येऊन उभी राहिली.

"अण्णा, आई, पुढच्या रविवारी मी शकूफुईला डुमसला नेणार आहे. विचारत नाही, सांगते आहे. ती पाण्यात उतरेल, हवा तेवढा वेळ. तिचं कोरडं लुगडं धरून काठावर कुणीतरी बसायला लागेल. हिलालकाकांना पाठवू नका, अण्णा. तुम्ही या."