मी माशीवाला फलक

मी पुठ्ठ्याचा एक फलक आहे. चार फूट रुंद, तीन फूट उंच, एका हाताने उचलावा इतका हलका. माझ्या अंगावर हिरवट-निळ्या माशीचं चित्र आहे, चांगलं टरबुजाएवढं. आता माझा एक कोपरा दुमडलाय आणि माशीच्या पंखाला शेण लागलंय. पण एके काळी वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहात मी पाच मिनिटांचा मानकरी होतो. त्या पाच मिनिटांत जो घोळ झाला, तो निस्तरता निस्तरता माझ्या मालकांच्या तोंडाला फेस आला.

माझा जन्म तिथल्याच तळघरातल्या छपाईयंत्रावर झाला. तिथे माझे भाऊबंद रोज डझनाने जन्मतात, कारण तिथल्या सभासदांना शेजारी तिवईवर फलक असल्याशिवाय बोलायला सुचत नाही. त्या आठवड्यात तर आमची चंगळ होती. परराष्ट्र खातं आणि परदेशी मदत यांच्या खर्चाचं विधेयक सभागृहात आलं होतं. हे विधेयक आलं की सगळ्यांना चेव येतो. परदेशातली माणसं इथे मत देत नाहीत. त्यांचे पैसे कापले तर दारात येऊन कोण भांडणार? म्हणून जो तो कात्री परजून उभा.

माझे मालक रॉइस टिडमोर हे टेक्ससच्या दक्षिणेकडच्या, गुराढोरांच्या मतदारसंघाचे सभासद. माणूस मनाचा चांगला, पण टाळ्यांचा भारी लोभी. त्यांना एका जाडजूड अहवालात एक ओळ सापडली: दक्षिणेकडच्या एका छोट्या देशात आपल्या पैशांवर माश्या पैदा करण्याचा कारखाना चालतो. झालं. घबाड मिळाल्यासारखे ते हसत सुटले.

त्यांच्या कार्यालयाची सर्वेसर्वा बर्नडेट कोवालिक. बावीस वर्षं असल्या हौशी तिने पाहिलेल्या. ती म्हणाली, "साहेब, पुढच्या पानावर कारण दिलंय. एकदा वाचून घ्या."

"बर्नडेट, पुढचं पान फलकावर मावत नाही," रॉइस म्हणाले.

अशा रीतीने मी छापला गेलो. वर माशी, खाली मोठ्या अक्षरांत: 'परदेशात माश्यांची पैदास. पैसे तुमचे.' यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो.

सकाळी अकराला आमची पाळी आली. रॉइसनी सूचना मांडली की या कारखान्याचा निधी विधेयकातून वगळावा. "आमच्या गावात माश्या फुकट मिळतात," असं ते म्हणाले आणि सगळं सभागृह हसलं. त्यांचे मित्र व्हर्नन पीट्री तर डोळे पुसत होते. वरच्या सज्जात रॉइसची मावशी, ऑर्ला जीन, बसली होती. वय एकोणऐंशी, साठ गाई स्वतः सांभाळणारी. गोपालक संघाबरोबर राजधानी पाहायला ती स्वतः गाडी चालवत आली होती, कारण विमानवाले तिच्या कुत्र्याला शेजारी बसू देईनात. रॉइसनी तिला हात केला. तिने केला नाही. सज्जात पाहुण्यांनी बोलायचं नसतं, म्हणून बिचारी ओठ घट्ट मिटून बसली होती.

सभागृहात तेव्हा मोजकेच सभासद होते, आणि आवाजी मतदानात अध्यक्षांना 'नाही'चा आवाज मोठा वाटला. रॉइस अडून बसले, प्रत्येकाचं मत नावानिशी नोंदवून मतदान घ्या. तशी प्रथा आहे. मग दुसरी प्रथा आड आली: नोंदीची मतदानं दुपारी एकदम उरकतात. मला काखोटीला मारून बर्नडेट कार्यालयात परतली, आणि मागोमाग मावशी दारात हजर.

"रॉइस, ती माशी काय करते ते ठाऊक आहे का तुला?"

"मावशी, माशी आहे. घोंगावते."

"घोंगावते?" मावशी माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. "वासरू जन्मलं की त्याच्या ओल्या बेंबीवर ती अंडी घालते. त्यातून अळ्या निघतात, त्या जित्या वासराला आतून खातात. मी दहा वर्षांची होते. रोज शाळेत जायच्या आधी वासरांच्या बेंब्या तपासायच्या आणि जखमांत औषध भरायचं. हाताचा वास जाता जात नसे. एका उन्हाळ्यात आमची एकतीस वासरं गेली. तुझ्या आजोबांना त्या दिवसांत मी गोठ्यामागे रडताना पाहिलंय."

रॉइस माझ्यावरच्या माशीकडे बघू लागले.

"त्या कारखान्यातले नर वांझ असतात, रे. विमानातून सोडतात. मादी आयुष्यात एकदाच नराजवळ जाते. वांझाजवळ गेली की तिची अंडी फुकट. म्हणून ती माशी आपल्याकडे वर सरकत नाही. आणि तू निघालास ती भिंत पाडायला, तेही हसत हसत."

"मला कुणी सांगितलं नाही," रॉइस म्हणाले. बर्नडेट खिडकीबाहेर बघत उभी राहिली. तिच्या जागी मी असतो तर इतका सभ्य राहिलो नसतो.

दुपारी रॉइस धावत सभागृहात गेले आणि नोंदीच्या मतदानाची मागणी मागे घेऊ द्या म्हणाले. म्हणजे सकाळचं 'नाही' कायम झालं असतं आणि कारखाना वाचला असता. पण त्याला सर्वांची संमती लागते. व्हर्नन पीट्री उठून म्हणाले, "माझी हरकत आहे. इतकी झकास सूचना मी मागे घेऊ देणार नाही."

मित्र असावा तर असा.

आता एकच उपाय उरला. सभागृहाला लागून सभासदांची एक खोली आहे, बरेचसे तिथूनच आत येतात. रॉइसनी मला उलटं केलं, माझ्या कोऱ्या पाठीवर काळ्या शाईने लिहिलं, 'माझ्या सूचनेला नाही म्हणा', आणि मला छातीशी धरून दारात उभे राहिले. लोकांना ती गंमत वाटली. पाठीवर थापा मारत ते आत गेले आणि हो म्हणून आले.

मतदानाला दोनच मिनिटं. कशावर मतदान आहे हे निम्म्यांना ठाऊक नव्हतं. सकाळची माशी तेवढी लक्षात होती. आतल्या भिंतीवर सगळ्यांची नावं उजळली, आणि रॉइसच्या नावापुढे 'नाही'चा लाल दिवा. त्याबरोबर भल्या माणसांची रीघ लागली.

"रॉइस, तुझं बटण चुकलंय बघ."

"चुकलं नाही. तुम्हीही नाही द्या."

"अरे, मी खास तुझ्यासाठी हो दिलं. आता काय उलटं करू?"

"करा. पाया पडतो. माझ्या गुरांवर येईल हे."

दिवसभरात पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात टाळीची हाव नव्हती. ते मोठमोठे लोक त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मग एकेक जण अध्यक्षांच्या समोरच्या टेबलाशी जाऊन लाल चिठ्ठीवर सही करून मत बदलू लागला. व्हर्नन सगळ्यांत शेवटी, कुरकुरत. निकाल लागला: हो दोनशे नऊ, नाही दोनशे तेरा. सज्जात मावशीने रुमालात तोंड लपवलं. ती हसत होती की रडत, ते मला खालून दिसलं नाही.

मला तिने गाडीत टाकून घरी नेलं. "हे इथे राहिलं तर पुन्हा कुणाला तरी आवडेल," म्हणाली. हल्ली मी वासरांच्या खोपटात वारा अडवतो. काम साधं आहे, पण कुणाची फसवणूक होत नाही. वाचकहो, माझ्यासारखा एखादा गमतीदार फलक तुमच्यासमोर आला तर हसा खुशाल. फक्त हात वर करायच्या आधी कुणाला तरी विचारून घ्या.

आमच्या माश्यांचा निधी एका वर्षाचाच असतो. दर वर्षी नवं विधेयक, नवी कात्री. मावशीला आता ऐंशी पूर्ण झाली. तिच्या जोडीने ते उन्हाळे पाहिलेली शेजारपाजारची माणसं एकेक करून गेली. म्हणून रविवारी ती खोपटात उलट्या बादलीवर बसते, रॉइसना फोन लावते आणि त्यांच्याकडून अंडी, अळ्या, वांझ नर असं सगळं घोकून घेते. परवा ते वैतागले, "मावशी, पाठ झालं गं मला."

"तरी पुन्हा म्हण," ती म्हणाली. "पुढच्या खेपेला सज्जात मी नसले, तर हे सांगणारा तूच आहेस."

मग रॉइसनी पहिल्यापासून सुरुवात केली.